स्क्रीन प्रिंटिंगसाठी लाकडी फ्रेम घ्यावी की अ‍ॅल्युमिनियमची?

आधी हे ठरवा की रंग किती छापणार, कारण फ्रेमचं सगळं गणित त्यावर आहे. (आणि काम पाच-दहा टीशर्टचंच असेल, डिझाइन फोटोसारखं असेल, तर स्क्रीनच्या भानगडीत पडूच नका, सरळ डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवलेली प्रिंट, करून घ्या.)

एकाच रंगाचं काम असेल, पिशव्या, पोस्टर वगैरे, तर लाकडी फ्रेम मस्त चालते. घरी बनवता येते, जाळी (जिच्यातून शाई खाली उतरते ते कापड) हाताने ओढून स्टेपल मारले की झालं. पण लाकूड पाणी पितं. इमल्शन (जाळीवर डिझाइन उमटवायचा, प्रकाशाने घट्ट होणारा लेप) धुताना, जुनं डिझाइन काढताना ती दरवेळी भिजणार, वाळणार आणि हळूहळू तिला पीळ पडणार, मग टेबलावर ठेवली की एक कोपरा वरच. वार्निश मारलं तर जरा जास्त टिकते, एवढंच.

अ‍ॅल्युमिनियमला हा त्रास नाही. जाळी मशीनवर ताणून ग्लूने चिकटवलेली असते, ताण साधारण 20-25 न्यूटन प्रति सेंटीमीटर मिळतो, स्टेपलवाल्या फ्रेमवर तेवढा आणणं आणि टिकवणं अवघडच. दोन-तीन रंग आले की हा ताणच कामाला येतो, कारण सैल जाळी स्क्वीजीबरोबर (शाई ओढायची रबरी पट्टी) पुढे सरकते, शाई ओढल्यावर कापडापासून पटकन सुटत नाही आणि लाल रंग काळ्या बॉर्डरच्या बाहेर जातो. जाळी फाटली तरी फ्रेम वाया जात नाही, नवीन चढवायची. फक्त घेताना बोटाने दाबून बघा, सैल अ‍ॅल्युमिनियमपेक्षा घट्ट लाकडी फ्रेम केव्हाही बरी.

जाळीचा नंबरही बघूनच घ्या. टीशर्टला 43टी, म्हणजे सेंटीमीटरला 43 धागे, कागदावर बारीक रेषा हव्या असतील तर 90 ते 120टी. काही जण इंचाचा नंबर सांगतात, तोच 43टी तिथे 110 होतो, तेव्हा कुठला नंबर ते विचारूनच घ्या. बारीक डिझाइनला पिवळी जाळी चांगली, पांढऱ्या जाळीत एक्सपोज करताना, म्हणजे इमल्शनवर प्रकाश टाकून डिझाइन उमटवताना, तो प्रकाश धाग्यांतून पसरतो आणि कडा खातो.

माझं मत विचाराल तर एक रंग आणि हौस असेल तर लाकडी, ऑर्डर घ्यायच्या असतील तर पहिल्यापासून अ‍ॅल्युमिनियम. आणि साइज डिझाइनएवढी घेऊ नका, आतून चारी बाजूंना निदान 10 सेंटीमीटर मोकळी हवी, नाहीतर कडेला जाळी दबतच नाही आणि तिथली छपाई फिकी येते.