बिनकाट्याच्या गुलाबाचे १७,६४० रुपये

आधीच सांगते, मी बागेत काल-परवा पाय ठेवलेली बाई नाही. गच्चीवर साठेक कुंड्या आहेत, माती मी कालवते, खत मी घालते, ऑक्टोबरची छाटणी मी स्वतः करते, आणि जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात लोक फुलांसोबत सेल्फी काढत असतात तेव्हा मी खालच्या चिठ्ठ्यांवरची नावं वाचत फिरते. त्यामुळे "झाडं ऑनलाइन घ्यावीतच कशाला" हे मला शिकवायला येऊ नका, ते काम आमच्याकडे नवरा रोज जेवताना करतो.

निळ्या गुलाबाच्या बिया, काळा गुलाब, एकाच झाडाला सात रंग, हे प्रकार आता सगळ्यांना माहितीयत, त्याला कोणी फसत नाही (फसतात, पण जाऊ दे). मला ज्याच्या नावाने फसवलं ते खरंखुरं असलेलं झाड आहे. नेवाडा. क्रीम रंगाचा श्रब रोझ, स्पेनच्या पेद्रो दोतने १९२७ मध्ये आणलेला. ज्यांना नुसते डच आणि हायब्रिड टी माहिती आहेत त्यांच्यासाठी सांगते, लांब दांड्याचा, टोकदार कळीचा, फुलदाणीतला गुलाब नाही हा. ह्याचं मोठ्ठं झुडूप होतं, सहा-सात फूट उंच आणि तेवढंच रुंद, फांद्या कमान करून वाकतात आणि बहरात अख्खी फांदी खालपासून टोकापर्यंत फुलांनी झाकून जाते. फूल चांगलं चार इंचाचं, पाकळ्या मोजक्या, रंग दुधावरच्या सायीचा, मधोमध पिवळे केसर. वास फार नाही. फांद्या तपकिरी, गुळगुळीत, काटे जवळजवळ नाहीतच. हे काट्याचं लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं आहे.

व्हॉट्सअॅपवरच्या एका बागवाल्या ग्रुपमध्ये मला फसवणारा हा माणूस होता. आधी कित्येक महिने काही विकलं नाही त्याने, नुसते लोकांचे प्रश्न सोडवायचा. कोणाच्या पानांवर काळे ठिपके, कोणाच्या कळ्या काळ्या पडतायत, हा बरोबर औषध सांगायचा, प्रमाणासकट. मग हळूच टाकलं की बाहेरून मोजकी कलमं मागवली होती, उरुळी कांचनच्या बाजूला प्लॉट आहे, तिथे डोळे भरून (म्हणजे त्या कलमांचे डोळे जंगली गुलाबाच्या खुंटावर बसवून) रोपं केलीयत, थोडीच आहेत. मी नेवाडाबद्दल विचारलं तर धडाधड माहिती. साल, पैदासकार, त्याची मूळ जोडी कोणती सांगतात, त्यातल्या मोयेसी नावाच्या रानगुलाबाच्या रक्ताबद्दल शंका घेतली जाते हेसुद्धा! मी घरी तपासून बघितलं, सगळं बरोबर. आता सांगा, भामटा माणूस एवढा अभ्यास करतो का? तर करतो. माझ्याशी तो एकही गोष्ट झाडाबद्दल खोटी बोलला नाही, एक सोडून, आणि तीच मी गिळली.

सहा रोपं घेतली. १,८५० ला एक, म्हणजे ११,१००. आपल्याकडे नर्सरीत साधा गुलाब दोन-अडीचशेला मिळतो हे मलाही कळतं, पण दुर्मिळ झाडाला पैसे पडतातच, ऑर्किडवाले काय कमी देतात का. पॅकिंग आणि कुरिअर ६४०. पैसे यूपीआयवर गेले, स्क्रीनवर भलत्याच कोणाचं तरी नाव आलं, विचारलं तर म्हणे "ताई, भाचीचं खातं आहे, माझं लिमिट संपलंय." दुसऱ्या पेमेंटला अजून तिसरंच नाव. पिन टाकायच्या आधी ते नाव वाचा हो, तेवढ्यासाठीच ते दाखवतात.

मग पार्सल यायच्या आधी एक नवीन भानगड. मुंबईत क्वारंटाइनला माल अडकलाय, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटचा (झाडाला रोग-कीड नसल्याच्या दाखल्याचा) खर्च सगळ्या ग्राहकांत वाटून घेतोय, तुमचा हिस्सा २,४००. सोबत पीडीएफ, शिक्के, सही, सगळं. माझ्या डोक्यात आलं नाही की रोपं जर उरुळीला डोळे भरून तयार केलीत तर मुंबईच्या क्वारंटाइनला अडकलंय काय? बाहेरून लागवडीचं झाड आणायचं तर इम्पोर्ट परमिट लागतं आणि ज्या देशातून येतं तिथल्या सरकारी खात्याचं सर्टिफिकेट लागतं, ते मालाबरोबरच येतं, पोचल्यावर वर्गणी काढून बनवत नाहीत. आणि त्या पीडीएफमध्ये मालाच्या वर्णनात काय लिहिलं होतं माहितीये? कट फ्लॉवर्स. कापलेली फुलं! हे मी नंतर चष्मा लावून वाचलं. पीडीएफ आली की खालचा शिक्का बघू नका, मधला मजकूर वाचा.

आता खोक्याबद्दल. ह्याच्यावर मला अजून झोप लागत नाही.

डिसेंबरात पार्सल आलं. पॅकिंग उत्तम, मुळांना ओलं कोकोपीट, वरून वर्तमानपत्र, त्यावर चिकटपट्टी. मी आनंदाने हात घातला आणि अंगठ्याच्या नखाखाली काटा घुसला, असा तसा नाही, वाकडा आकड्यासारखा, ओढून काढावा लागला, वर्तमानपत्रावर रक्ताचे थेंब. कागद सोडला तर सहाच्या सहा काड्यांवर खालपासून वरपर्यंत काटेच काटे. आणि मी काय केलं, तर अंगठ्याचा फोटो काढून त्यालाच पाठवला, वर हसणारा चेहरा टाकून, "बिनकाट्याचा गुलाब चावला हो!" त्याच चॅटमध्ये चार बोटं वर त्याचा स्वतःचा मेसेज दिसत होता, "फांद्या गुळगुळीत, काटे नाहीत म्हटलं तरी चालेल." दोन्ही एकाच स्क्रीनवर! त्याचं उत्तर आलं, "ताई, कोवळ्या फांदीला असतात, जून झाली की गळून पडतात."

काटे गळून पडतात म्हणे. पन्नाशी उलटलेली, गुलाबाचे काटे खात आयुष्य काढलेली बाई मी, मला कोणी सांगतंय काटे गळतात, आणि मी "ओके दादा" लिहून नमस्काराचा इमोजी टाकला. पण माझी बाजूही ऐका. कलमात खालचा खुंट जंगली असतो, त्याला काटे असणारच, मला वाटलं ते खुंटाचे असतील. शिवाय बाकी शंभर गोष्टी ज्याच्या बरोबर निघाल्या त्याची एकशेएकावी कोण तपासतं? त्या दिवशी फोटो काढून पैसे परत मागितले असते तर निदान तारीख तरी माझ्या बाजूने राहिली असती.

पुढची मजा बघा. फेब्रुवारीत माझे बाकीचे सगळे गुलाब फुलून आले, हे सहा नुसते वाढतायत. तो म्हणाला नेवाडाला मागच्या हंगामाच्या फांदीवर बहर येतो, छाटू नका. खरं आहे! पुस्तकात तसंच आहे. म्हणून मी कात्री लावली नाही आणि त्याचं रान झालं, वाळत घातलेले कपडे फाटायला लागले. मार्च संपता संपता फुलं आली. झुबक्याने, छोटी छोटी, गडद गुलाबी. फोटो पाठवला. "ताई, उष्णतेत नेवाडावर गुलाबी झाक येते." हेही खरं आहे! पण झाक म्हणजे झाक, क्रीमवर हलकी लाली. ही फुलं म्हणजे होळीतला रंग. मी जरा तावातावाने लिहिलं तर मला म्हणतो अभिनंदन, तुमच्याकडे स्पोर्ट आलाय (म्हणजे फांदीने आपोआप रूप बदललंय), नेवाडाचा गुलाबी स्पोर्ट असतो, मार्गरीट हिलिंग, तो ह्याहून महाग आहे. आणि तो असतो, १९५९ चा आहे, मी बघितलं. फक्त सहाच्या सहा झाडांना एकाच आठवड्यात स्पोर्ट येत नसतो, एखाद्या झाडाच्या एखाद्या फांदीला कधीतरी येतो. तेवढं मला कळलं. मी भांडले. तर लगेच नरम, "ताई तुमचं समाधान महत्त्वाचं, रिप्लेसमेंट देतो, ३,५०० डिपॉझिट टाका, जुनी झाडं परत मिळाली की रिफंड." टाकले. हो, टाकले, कारण आधीचे १४,१४० डोळ्यासमोर होते, ते वाचवायला म्हणून. ज्याने आधीच घेतलेत त्याला परत मिळवायला म्हणून अजून देऊ नका, कोणी कितीही गोड बोलू दे. त्यानंतर नंबर बंद, ग्रुपमधून बाहेर.

एकूण १७,६४०. आणि माझ्या सांगण्यावरून खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन घेतली होती, त्यांचे ३,७०० वेगळे. त्या काही बोलत नाहीत, लिफ्टमध्ये फक्त "आली का गं फुलं" विचारतात, ते जास्त लागतं.

नेमकं काय विकलं ते ओळखीच्या नर्सरीतल्या मामांनी दाखवलं. कलम म्हणजे खुंटाच्या सालीला टी आकाराचा काप देऊन आत चांगल्या जातीचा डोळा बसवतात आणि वरून प्लास्टिकची पट्टी बांधतात. मामांनी पहिल्या झाडाची पट्टी उलगडली तर आत डोळा होता पण काळा, वाळलेला, नखाने उचकटला तर पापुद्रा निघाला. सगळी वाढ त्याच्या खालून. दुसऱ्याची पट्टी सोडली तर आत काहीच नाही! काप नाही, डोळा नाही, साल अखंड. नुसत्या रानटी काडीला पट्टी गुंडाळलेली. बाकीच्या चारांचं तेच. मामा म्हणाले "ताई, पट्टीचे पैसे घेतले त्यानं." कलम घेताना जोड दाखवा म्हणा, जोडाच्या वरची फूट कोणती ते विचारा, मगच पैसे. जोडाखालून आलेला फुटवा तसाही उपटूनच टाकायचा असतो.

आता सरकारी पुराण. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदली, नंबर मिळाला. फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, लगेच केला तर समोरच्याचं खातं गोठवता येतं, माझे तर महिन्यांपूर्वी गेलेले. मग चौकी. तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न, "मॅडम, झाडं मिळाली ना?" मिळाली. "जिवंत आहेत?" आहेत. "फुलं आली?" आली. "मग फसवणूक कशी?" मी नेवाडाचा प्रिंट काढून नेला होता, क्रीम रंग, पिवळे केसर, हे बघा साहेब आणि हे माझं. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी धरले, नीट बघितले आणि म्हणाले, "तुमचाच जास्त चांगला दिसतोय की." बाजूचे हवालदार म्हणाले मिसेसला गुलाबाची आवड आहे, बाल्कनीत ऊन कमी येतं, कुठला लावावा? मी सांगितलंसुद्धा! काय करणार, समोर बसलेय, अर्ज त्यांच्या हातात.

एफआयआर नाही, दिवाणी मॅटर आहे म्हणे. अहो, खोटं सांगून पैसे काढून घेणं म्हणजे पूर्वीचं चारशेवीस, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, हे मी घरून वाचून गेले होते. "मॅडम, कलम आम्हाला नका सांगू." बरं, नाही सांगत. सायबरवाले म्हणतात वस्तू पोचली म्हणजे ग्राहक तक्रार. ग्राहकवाले म्हणतात, पाच लाखांपर्यंत फी नाही, अवश्य करा, पण समोरच्याचं नाव आणि पत्ता लिहा. पत्ता असता तर मी तिथेच गेले असते ना, झाडं घेऊन! पत्ता कोण काढणार, पोलीस. पोलीस म्हणतात ग्राहककडे जा. बँकेत गेले तर पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा, ज्यांच्या खात्यात गेले त्यांची माहिती देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पुन्हा पोलीस. कृषीच्या ऑफिसात चौकशी केली की असा परवान्याशिवाय रोपं विकणारा माणूस चालतो का, तर तिथल्या बाई म्हणाल्या परवान्याचं फळझाडांचं बघतो आम्ही, गुलाब आमच्याकडे येत नाही. म्हणजे हापूस सांगून रायवळ दिला असता तर गुन्हा, आणि गुलाब सांगून रानटी काडी दिली तर माझी हौस. आणि सगळीकडे तो एक चेहरा, "गुलाबाला अठरा हजार?" वाला. माझे पैसे आहेत, मी गुलाबाला घालेन नाहीतर खड्ड्यात घालेन, चोरलेत ना ते?

चॅट डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवा. माझा अर्धा पुरावा फोन बदलताना जाणार होता, भाच्याने वाचवला.

आता हे लिहायचं कारण. एका दुसऱ्या ग्रुपमध्ये नव्या नंबरवरून, नव्या नावाने, तोच माणूस लिचफिल्ड एंजल नावाचा गुलाब विकायला आलाय. हा गुलाबही क्रीमच, डेव्हिड ऑस्टिनचा २००६ चा, कळी पीच-गुलाबी आणि उमलल्यावर क्रीम, पाकळ्यांनी गच्च भरलेला, आणि बघा, तोही जवळजवळ बिनकाट्याचा. दर २,२००. माहिती सगळी बरोबर लिहिलीय. लिहिण्याची ढब तीच, "ताई तुमचं समाधान महत्त्वाचं" तेच, उरुळीच्या प्लॉटचा फोटोसुद्धा तोच, कोपऱ्यातल्या निळ्या पिंपासकट. मी तिथे लिहिलं तर ॲडमिनने मलाच काढलं.

ज्यांनी त्याला पैसे भरलेत त्यांनी आजच १९३० ला फोन करा, आणि ज्यांच्याकडे खोकं पोचलंय त्यांनी पट्टी सोडताना व्हिडिओ काढा. तो व्हिडिओ आणि पेमेंटवर दिसलेलं नाव मला पाठवा. दहा-बारा जण मिळून गेलो तर आकडा लाखाच्या वर जाईल, मग चौकीत निदान खुर्ची तरी देतील.