मालदांडी की फुले अनुराधा?

सोलापूरकडच्या एका कोरडवाहू शेतकरी मित्राने यंदा रब्बी ज्वारीचे कोणते बियाणे घ्यावे, असे विचारले आहे. खर्चाचा प्रश्न लवकर मिटतो, कारण दोन्ही सरळ (संकरित नसलेले) वाण असल्याने घरचे निवडक बी पुढल्या वर्षी पेरता येते.

खरा फरक जमिनीच्या खोलीचा आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी ३५-१ सुमारे १२० ते १२५ दिवस घेते. तेवढी ओल मध्यम जमीन पुरवते, हलकी जमीन नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले अनुराधा खास हलक्या जमिनीसाठी असून १०५ ते ११० दिवसांत निघते, म्हणजे जमिनीतली ओल संपण्यापूर्वी दाणा भरतो.

खोडमाशी मात्र उशिरा पेरलेल्या कोणत्याही वाणाला सोडत नाही: पोंगा (रोपाचा मधला शेंडा) ओढताच अलगद हातात येतो आणि त्याच्या टोकाला कुजका वास असतो. त्यामुळे पेरणी १५ ऑक्टोबरपलीकडे नेऊ नये.

भाकरी दोन्हींची चांगली. बाजारात मालदांडीच्या नावाला मान अधिक, हे खरे. मुरमाड, फूटभर मातीच्या रानाला अनुराधा घ्यावी. दोन फुटांपर्यंत माती असेल आणि दावणीला जनावरे असतील, तर कडब्यासाठीही मालदांडीच बरी.