पीओपीचा साचा की टेप मारलेला थर्माकोल?

चित्ररथाचं शिरस्त्राण असो की कॉलेजच्या मॉडेलचं बॉनेट, फायबरग्लासच्या, म्हणजे काचतंतूंच्या मॅटवर रेझिन (घट्ट होणारं पातळ प्लास्टिक) चढवून केलेल्या, एक-दोन नगांसाठी रबराचा साचा परवडत नाही. उरतो पीओपी, नाहीतर ब्राऊन टेप मारलेला थर्माकोल.

पीओपी ढालीवरचा खिळान् खिळा उचलतो, आणि भाग निघतो तोच गुळगुळीत. घोळ पाण्याचा आहे. किलोभर पीओपीत 600 ते 700 मिली पाणी जातं; घट्ट व्हायला त्यातलं जेमतेम 185 मिली लागतं. बाकीचं सगळं उडून जायला हवं. दहा किलो पीओपीच्या साच्यात हे चार-पाच लिटर होतं! वैशाखात, शिवजयंतीच्या चित्ररथांच्या दिवसांत, उन्हात ते निभतं. गणपतीच्या तोंडावर, बेळगावच्या झडीत, पंधरा दिवसांनीही साचा गालाला गारच लागतो. त्यावर चपडी (लाखेचं पॉलिश) आणि वॅक्स कितीही चढवा, ओल मागून येतेच. रेझिनचा पहिला थर चिकट राहतो, पांढरट पडतो आणि भाग काढताना साच्यालाच धरून बसतो. भट्टीशेजारी ठेवून घाई करावी, तर 50 अंशांच्या वर पीओपी भुसभुशीत व्हायला लागतो. रोज वजन करत राहायचं. ते घटायचं थांबलं की मगच रेझिन.

थर्माकोलला वाळणं नाही. तारेनं कापा, घासा, टेप मारा. टेप अशासाठी की पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल खातं, आणि टेपला रेझिन धरत नाही. गोलाईवर दोन इंची टेप सुरकुतते. तिथं अर्ध्या इंचाच्या पट्ट्या, 5 मिलिमीटर एकीवर एक, नखानं दाबत. टाचणीएवढी फट राहिली तरी आत खड्डा पडतो, आणि वरून काही दिसत नाही. 300 ग्रॅमच्या मॅटचे दोन थर पुरतात, पण पहिला तापून निवल्यावरच दुसरा. एकदम जाड मारलं तर उष्णतेनं थर्माकोल बसतो. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, 100 ग्रॅम रेझिनला दीड मिली. शेवटी थर्माकोल खरवडायचा, उरल्यासुरल्याला थिनर.

यात गुळगुळीत बाजू आत जाते, हे खरं. बाहेरून पुट्टी, मग 80 आणि 220 नंबरचा कागद, म्हणजे एक अख्खा दिवस धुळीत. शिवाय थरांची जाडी बाहेर वाढते, म्हणून गाभा सगळीकडून साधारण दीड मिलिमीटर लहान कापावा लागतो.

नक्षीची ढाल असेल, तीन-चार नग हवे असतील आणि हाताशी ऊन असेल, तर पीओपीच घ्यावा. मृग लागल्यावर एकच नग काढायचा असेल, तर मी तरी थर्माकोलच कापायला घेईन.