नव्या क्लाउनफिशसाठी फ्रोझन मायसिस: पैसे वसूल, पण पाकीट बघून घ्या

दाणे तोंडात घेऊन थुंकणाऱ्या नव्या ओसेलारिस क्लाउनफिशसाठी फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, क्यूबमध्ये गोठवलेले) सगळ्यात भरवशाचं, आर्टेमियापेक्षा (ब्राइन श्रिंप) पोषकही. क्यूबचा चतकोर तुकडा टाकीच्याच पाण्यात वितळवा, गाळा आणि ते पाणी फेकून द्या, नाहीतर फॉस्फेट वाढून शेवाळ माजतं. पंप 10 मिनिटं बंद करून माशाच्या तोंडासमोर 4-5 मायसिस सोडा, दिवसातून दोनदा. उरलेलं लगेच काढा. पहिले 2-3 दिवस मासा उपाशी राहिला तरी घाबरू नका. मात्र श्वास जलद आणि अंगावर पांढरट चिकट थर दिसला, तर खाणं बदलून काही होणार नाही: ब्रुकलिनेला या परजीवीच्या रोगाची शक्यता धरून त्याच दिवशी वेगळ्या टाकीत फॉर्मेलिनचा उपचार सुरू करा. एकमेकांना चिकटलेले, आकार बिघडलेले क्यूब बहुधा वितळून पुन्हा गोठलेले असतात. ते पाकीट परत करा.