तोंडी होकारावर घर हलवायचं, की आधी लेखी करून घ्यायचं?

आईवडील वेगळे राहतात, मूल आळीपाळीने दोघांकडे असतं, कागद कुठेच नाही. आता एकाला दूरच्या शहरात जायचंय.

तोंडी होकारावर निघणं सोपं. खर्च नाही, वाट पाहणं नाही. पण ‘सुट्टीत पाठवीन की’ म्हणताना कोणती सुट्टी, किती दिवस, तिकीट कोणाचं, हे कोणीच बोलत नाही. पहिल्या भांडणात ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ ऐकावं लागतं.

लेखी संमतीला वेळ लागतो, जुन्या जखमा उघड्या पडतात. तरी मी तीच निवडेन. मुक्कामाच्या तारखा, शाळा, प्रवासखर्च, व्हिडिओ कॉलची वेळ, सगळं लिहा. जमलं तर कोर्टाचा आदेशही घ्या. नुसत्या सहीपेक्षा तो पाळायला लावणं सोपं.

देश बदलत असेल तर तोंडी पर्याय विसराच. मुलांना बेकायदा परदेशी नेण्याविरुद्धच्या १९८० च्या हेग करारातल्या देशांमध्ये १६ वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्या पालकाचा ताब्याचा हक्क डावलून नेलं, तर परत पाठवण्याचा आदेश होऊ शकतो. तो हक्क कायद्यानेच मिळालेला असला तरी पुरतो, आधी कोर्टात गेलेलं असावं लागत नाही.

आणि मुलाला वेळेत सांगा. ‘माझी सायकल कुठल्या घरी राहणार?’ हे तो सगळ्यात आधी विचारेल. उत्तर दोघांचं एकच असू द्या.