पडून राहिलेली १९६६ची मस्टँग घ्यावी की १९६८ची डार्ट?

हिवाळा सरत आला की इकडे मिशिगनात आपल्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी विचारतंच, की गॅरेजमध्ये एक जागा रिकामी आहे, जुनी अमेरिकन गाडी घ्यायचीय, पण तयार नको, कुठेतरी वर्षानुवर्षं पडून असलेली घेऊन स्वतःच्या हातानं रस्त्यावर आणायचीय, तर कुठली घेऊ. आणि पहिल्यांदाच करणाऱ्यांसमोर बहुतेक वेळा हीच दोन नावं येतात, सहा सिलेंडरची १९६६ची फोर्ड मस्टँग कूपे (दोन दारांची), नाहीतर २२५ घनइंचाच्या स्लँट सिक्स, म्हणजे कलत्या सहा सिलेंडरच्या, इंजिनाची १९६८ची डॉज डार्ट. दोन्ही आकाराने आटोपशीर, दोन्हींची यंत्रं साधी, दोन्हींमध्ये घरी ठेवता येतील एवढ्याच हत्यारांवर बरंच काम होतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी ओहायो-मिशिगनसारख्या, हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात अशा मुलखातली असेल आणि वेल्डिंग तुम्हाला येत असेल किंवा मनापासून शिकायचं असेल, तर मस्टँग घ्या. ॲरिझोना-न्यू मेक्सिकोकडची, पत्रा शाबूत असलेली मिळत असेल तर डार्ट घ्या, आणि फार विचार करू नका. इंजिन चालू होतंय की नाही यावर मात्र निर्णय घेऊ नका. लोक नेमकं तेच करतात, विकणारा बॅटरी लावून धूर काढत इंजिन सुरू करून दाखवतो आणि घेणारा खूश होऊन पैसे मोजतो, खाली वाकून बघतच नाही.

याचं कारण असं की या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. तळाचा पत्रा, पुढचे-मागचे रेल, दाराखालचे रॉकर, हे सगळं मिळून गाडीचं वजन पेलतं. त्यामुळे तिथला गंज हा दिसण्याचा प्रश्न नसतो, गाडी सरळ उभी राहते का वाकते याचा असतो. जॅक लावल्यावर दार नीट लागेनासं झालं तर समजा आतून पोकळ झालीय.

मस्टँगचा सगळ्यात वाईट गंज दिसतच नाही. काचेच्या पुढे, वायपरखाली जी जाळी असते तिच्या आत एक पोकळी आहे, हवा आत घ्यायला केलेली. पानं, माती, पाणी तिथे साठतं, पन्नास-साठ वर्षांत तो पत्रा सडतो आणि मग प्रत्येक पावसाचं पाणी थेट तुमच्या पायाशी येतं, आणि तळ तिथून कुजायला लागतो. तपासायला सोपं आहे: विकणाऱ्याला विचारून त्या जाळीत बादलीभर पाणी हळूहळू ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघा. ठिबकलं तर दुरुस्ती मोठी आहे, कारण वरचा पत्रा स्पॉट वेल्ड काढून पूर्ण उचलावा लागतो. पण मस्टँगचं मोठेपण हे की तिचा जवळपास प्रत्येक पत्रा आज नवा छापून मिळतो. तळ, रेल, टॉर्क बॉक्स (रेल आणि रॉकर जोडणारे पत्र्याचे खोके), फेंडर, दार, सगळं. फोर्डच्या परवान्याने आख्खा बॉडी शेलसुद्धा नवा बनतो. १९६६ या एकाच मॉडेल वर्षात सहा लाखांवर मस्टँग बनल्या, त्यामुळे सुटे भाग बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक कधी कमी पडलंच नाही, आणि किंमतीही त्यामुळे आवाक्यात राहिल्यात.

डार्टचं तसं नाही. तळाचे पत्रे मिळतात, डिकीचा तळ मिळतो, पण पुढचे फेंडर, चार दारांच्या सेडानची मागची दारं, काचेभोवतीच्या पट्ट्या, मागचे दिवे, हे चांगल्या अवस्थेत हवं असेल तर जुन्या गाड्यांच्या यार्डात शोधत बसावं लागतं. खाली बघताना एका ठिकाणी नक्की बघा, पुढच्या सीटखाली आडवा क्रॉसमेंबर आहे ज्यात टॉर्शन बारची मागची टोकं अडकतात. डार्टला पुढे कॉइल स्प्रिंग नाहीत, या लांब सळया पिळूनच पुढचं वजन पेललं जातं. तो क्रॉसमेंबर गंजला असेल तर ती गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. मागच्या काचेचं रबर सुकून पाणी डिकीत उतरतं तेही बघा, मॅट उचलून बघा, आणि एक छोटं चुंबक कापडात गुंडाळून मागच्या चाकांच्या कमानींवर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे.

आता इंजिन, आणि इथे मी उघडपणे डार्टच्या बाजूचा आहे. स्लँट सिक्स म्हणजे तीस अंश कलतं बसवलेलं सहा सिलेंडरचं इंजिन, १९६०च्या मॉडेलांपासून आलं. १९६८ला २२५ घनइंचाचं १४५ हॉर्सपॉवर देत होतं, क्रँकशाफ्ट फोर्ज केलेला, आणि हाल सोसायची ताकद अशी की तेल-पाण्याकडे नीट लक्ष दिलं नाही तरी ही इंजिनं वर्षानुवर्षं चाललेली आहेत. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे दट्टे) मात्र हायड्रॉलिक, म्हणजे आपोआप फट जुळवणारे, नाहीत, त्यामुळे टॅपेट सेटिंग करावं लागतं, इंजिन गरम आणि चालू असताना, इनटेकला ०.०१० इंच फट आणि एक्झॉस्टला ०.०२०. पहिल्यांदा हात भाजतो, पण फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) घेऊन ते काम एकदा केलं की इंजिनचा आवाज ओळखता यायला लागतो आणि ते शिकणं फार आनंदाचं आहे. मस्टँगचं २०० घनइंचाचं सिक्सही वाईट नाही, १२० हॉर्सपॉवर, सात मेन बेअरिंग, गुळगुळीत चालतं. पण तिचा इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे, वेगळा काढता येत नाही, त्यामुळे ताकद वाढवायला वाव कमी. शिवाय त्यावरचा ऑटोलाइट ११०० कार्ब (कार्ब्युरेटर) आणि डिस्ट्रिब्युटर ही जोडी एकमेकांसाठीच बनवलेली आहे, स्पार्कचा अॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते, फक्त व्हॅक्यूमवर चालतो आणि त्यासाठी कार्बमध्ये खास व्हॉल्व्ह आहे. नुसता कार्ब बदलून दुसरा कुठलाही लावला की गाडी पिकअप घेत नाही आणि लोक महिनोन्महिने चुकीच्या जागी शोधत राहतात. बदलायचं तर दोन्ही मिळून बदला.

बरेच जण म्हणतात सिक्स मस्टँग स्वस्तात घेऊ आणि पुढे व्ही-८ (आठ सिलेंडरचं इंजिन) टाकू. मी तरी असं करू नका म्हणेन. सिक्सची चाकं चार बोल्टची, व्ही-८ची पाच, म्हणजे पुढचे स्पिंडल, ब्रेक, स्प्रिंग, मागचा ॲक्सल, रेडिएटर, सगळंच बदलावं लागतं आणि शेवटी मूळ व्ही-८ घेतली असती तर बरं झालं असतं एवढा खर्च होतो. गाडी मूळची कोणती ते ओळखायचं तर मस्टँगच्या व्हीआयएनमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) पाचवं अक्षर बघा, १९६६ला टी म्हणजे २०० सिक्स, सी म्हणजे दोन बॅरलच्या कार्बची २८९ घनइंची व्ही-८, ए म्हणजे चार बॅरलच्या कार्बची. विकणारा व्ही-८ म्हणतोय आणि नंबरात टी असेल तर कुणीतरी मध्ये बदल केलाय, मग कसा केलाय ते नीट बघायचं.

वायरिंगमध्ये डार्ट मागे पडते. तिच्या डॅशवर ॲमीटर आहे आणि चार्जिंगचा करंट इंजिन आणि डॅशच्या मधल्या भिंतीतल्या कनेक्टरमधून आत जाऊन ॲमीटरमधून परत फिरतो. इतक्या वर्षांनी त्या पिना काळवंडतात, गरम होतात, कनेक्टर वितळतो. पडून राहिलेली डार्ट घेतली की तो कनेक्टर पहिल्याच आठवड्यात खोलून बघा. इग्निशनमध्ये बॅलास्ट रेझिस्टर म्हणून एक पांढरा चिनी मातीचा तुकडा आहे, तो गेला की गाडी किल्लीवर सुरू होते आणि किल्ली सोडली की बंद पडते, काही डॉलरचा भाग आहे, एक जास्तीचा गाडीत ठेवा. आणि हो, डार्टच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्यांचे असतात, बोल्टच्या टोकावर एल लिहिलेलं असतं, हे माहीत नसलेला माणूस लांब पाना लावून जोर करतो आणि बोल्ट तोडतो.

ब्रेकबद्दल मी जरा कडक बोलतो कारण इथे माणसं जिवाला मुकतात. १९६६च्या मस्टँगला एकच सर्किटचा मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलणारा) आहे, कुठलाही एक होज (ब्रेकची रबरी नळी) फुटला की पेडल तळाला जातं आणि चारही ब्रेक जातात. १९६७पासून फोर्डने दोन सर्किटचा दिला, तो जुन्या गाडीला थोडी पाईपलाईन बदलून बसतो, आणि ते केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढूच नये असं माझं ठाम मत आहे, मूळपणा वगैरे बाजूला ठेवा. डार्ट १९६८ची असल्यामुळे तिला तो आधीपासून आहे. ड्रम मात्र दोन्ही सिक्सना पुढे नऊ इंचीच, शहरात पुरतात, उतारावर लवकर तापतात. पडून राहिलेल्या गाडीत तिन्ही रबरी होज, चारही व्हील सिलेंडर आणि मास्टर, हे न तपासता सरळ नवीन टाका. आतून बरे दिसतात म्हणून ठेवलेले जुने सिलेंडर महिन्याभरात गळायला लागतात. टायरचं पण तसंच, नक्षी भरपूर दिसली तरी बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर तो टायर २०००च्या आधीचा आहे, त्यावर गाडी फक्त ट्रेलरवर चढवायची.

इंजिन जागं करण्याची रीत दोघींची एकच. घाईने स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं पातळ तेल टाका, एक-दोन दिवस मुरू द्या, मग क्रँकच्या बोल्टवर पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर निम्मी लढाई जिंकली. जाम असेल तर जोर करू नका, परत तेल, परत वाट. जुन्या पेट्रोलचा टाकीत वार्निश झालेला असतो, त्याच टाकीवर इंजिन सुरू केलंत तर तो चिकट गाळ व्हॉल्व्हपर्यंत जातो, म्हणून सुरुवातीला बोटीची छोटी टाकी बाहेर ठेवून चालवा. मस्टँगची टाकी काढायला सोपी आहे, कारण टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे. पण त्याचाच अर्थ असा की मागून धडक बसली तर पेट्रोल आणि मागची सीट यांच्यामध्ये फारसं काहीच नाही. मुलांना मागे बसवणार असाल तर सीटच्या मागे पोलादी पत्र्याची आडभिंत बसवून घ्या. डार्टची टाकी खाली पट्ट्यांवर लटकलेली आहे. रबरी पेट्रोल होज दोन्हींत नवे टाका, आताच्या दहा टक्के इथेनॉलला चालणारे, आणि तेल झिंकवालं घ्या कारण दोन्हींचे कॅम जुन्या पद्धतीचे आहेत. शिसं असलेलं पेट्रोल अमेरिकेत १९९६पासून रस्त्यावरच्या गाड्यांना बंद आहे, शिसं नसल्याची काळजी लोक फार करतात, पण रविवारी फिरवायच्या गाडीला त्याने सहसा काही होत नाही.

पैशांचं बघायचं तर त्याच अवस्थेतली डार्ट, तीही चार दारांची असेल तर, मस्टँगपेक्षा साधारण स्वस्त मिळते, आणि वाचलेल्या पैशांत ॲरिझोनाहून ट्रेलरवर आणायचा खर्च निघू शकतो. तिकडच्या गाडीचा डॅश तडकलेला, सीट फाटलेल्या, प्रत्येक रबर दगडासारखं झालेलं असेल, ते सगळं बदलता येतं. विकायची वेळ आली तर मस्टँगला गिऱ्हाईक पटकन मिळतं, डार्टला थांबावं लागतं, ते मान्य. चार दारांना तर जास्तच. पण घरच्या सगळ्यांना घेऊन फिरायचं असेल तर चार दारांची डार्ट खरंच सोयीची आहे, आणि मुंबईकडच्या आजी-आजोबांना डॉज हे नाव परकं नसतं, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात एकेकाळी डॉज जोडल्या जायच्या.

तिसरा पर्याय विचारणाऱ्यांसाठी, १९६७ ते ७२ची शेवरोले सी-१० पिकअप. वेगळी चासी, त्यामुळे केबिनचा पत्रा गंजला तरी ट्रक उभा राहतो, सुटे भागही भरपूर. पण टाकी सीटच्या मागे केबिनमध्येच आहे, आणि किंमती आता चांगल्याच चढल्यात.

एक चूक दोन्ही गाड्यांबाबत सारखीच होते: गाडी आल्या आल्या सगळी सुटी करणं. इंजिन स्टँडवर, सीट माळ्यावर, नट-बोल्ट डब्यांत, आणि मग नोकरी, मुलं, पुढचा हिवाळा. असे अर्धवट ठेवलेले प्रकल्प दर उन्हाळ्यात विकायला निघतात, आणि तुमची मस्टँगही कदाचित तशीच आलेली असेल. ब्रेक, पेट्रोल, इग्निशन, टायर, कूलिंग एवढं आधी करा, चालवा, कुरूप दिसली तरी चालवा, रंगाचं नंतर.

मिशिगनमध्ये राहत असाल तर सव्वीस किंवा अधिक वर्षांच्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते. एरवी ती प्रदर्शन, परेड, क्लबच्या कार्यक्रमांपुरतीच असते, पण ऑगस्टमध्ये रोज वापरायलाही चालते, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ (डेट्रॉइटजवळचा जुन्या गाड्यांचा मेळावा) असतं, तिथे गंजलेल्या डार्टलाही लोक थांबून बघतात. विमा ठरलेल्या किंमतीचा घ्या, नेहमीचा नको, नाहीतर अपघात झाला तर कंपनी जुन्या गाडीला किरकोळ रक्कम लावते. आणि पैसे देण्याआधी टायटल (मालकीचा कागद) हातात घेऊन त्यावरचा नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा, मस्टँगला बोनेट उघडून ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या फेंडरवर, डार्टला काचेतून दिसणाऱ्या डॅशवरच्या पट्टीवर. नंबर जुळत नसेल, किंवा टायटल काकांच्या नावावर आहे आणि काका वारलेत असं काही ऐकू आलं, तर कागद पूर्ण होईपर्यंत एक डॉलरही देऊ नका.