फुल लायसन्स झाल्यावर घेतलेली जुनी सीबीआर ६०० आरआर, दीड वर्ष वापरून

आधीच सांगून टाकतो, मला यामाहाची आर सिक्सच पाहिजे होती. दोन वर्षं रिस्ट्रिक्टेड लायसन्सवर, म्हणजे ज्यावर कमी ताकदीचीच गाडी चालवता येते, कावासाकीची निन्जा ४०० चालवली आणि त्या दोन वर्षांत रात्री झोपताना फोनवर जुन्या आर सिक्सचे फोटो बघत पडायचं हा माझा नेमच होता, बायको म्हणायची एवढं लग्नाच्या आधी माझ्या फोटोकडे बघितलं नसशील. आणि शेवटी घरी आली काय तर २००९ ची होंडा सीबीआर ६०० आरआर, एबीएसवाली, सगळी कंपनी फिटिंग, सायलेन्सरसुद्धा ओरिजिनल. दीड वर्ष झालं, सात हजार किलोमीटर झाले, चुकलो असं एकदाही वाटलं नाही. रिव्ह्यू गाडीचा आहे पण अर्धा तरी गाडी शोधण्याचा आहे, कारण जुनी सुपरस्पोर्ट, म्हणजे रेसच्या घडणीची रस्त्यावरची गाडी, घेताना मॉडेल कुठलं याच्यापेक्षा ती आजवर कोणाच्या हाताखाली होती हेच बघायला लागतं.

लायसन्सचं थोडक्यात, कारण इथेच लोक फसतात. युरोपात ए टू लायसन्सला, म्हणजे फुल लायसन्सच्या आधीच्या टप्प्याला, ३५ किलोवॅटची मर्यादा आहे, आणि मोठी गाडी दाबून ३५ वर आणलेली चालते पण तिची मूळ पॉवर ७० किलोवॅटच्या वर नको. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हिशोब वेगळा, ६६० सीसीच्या आत आणि वजनाच्या मानाने दर टनाला १५० किलोवॅटपर्यंत. म्हणजे ६०० सीसीची सुपरस्पोर्ट, जी ८५-९० किलोवॅटच्या घरात असते, ती युरोपात पॉवर दाबायचं कितीही किट लावलं तरी ए टू वर बसत नाही. तरी मला एकाने सांगितलंच, "ही रिस्ट्रिक्ट केलेली आहे, आत्ता घे, लायसन्स झालं की वॉशर काढून टाक." वॉशर म्हणजे इंजिनची हवा अडवून पॉवर दाबणारी चकती. असल्या माणसाकडून हेल्मेटसुद्धा घेऊ नका, गाडी लांबच राहिली. उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच काढणार.

आणि अजून एक, नवीन गाडीच्या मागे पळायच्या आधी स्वतःच्या गाडीकडे बघा. तुमच्याकडे ६५० वगैरे गाडी किट लावून दाबलेली असेल तर किट काढून, कागदावर नोंद करून, इन्शुरन्सला कळवून तीच गाडी मोकळी होते, यापेक्षा स्वस्त अपग्रेड जगात नाही. पण सगळ्यांचं तसं होत नाही हां. ऑस्ट्रेलियातल्या शिकाऊ लायसन्सच्या एमटी ०७ चं इंजिनच मुळात ६५५ सीसीचं असतं, फुल पॉवरवाली ६८९ ची. तिथे वॉशर काढून काय होणार, कप्पाळ.

आता मला जे कोणी आधी सांगितलं नाही ते. मी समजत होतो ६०० म्हणजे थ्रॉटल पिळला की हात उपटून निघतील. सीबीआरचा टॉर्क, म्हणजे इंजिनचा पीळ, साधारण ६६ न्यूटन मीटर, आणि निन्जा ६५० चा पण जवळपास तेवढाच, ६५ च्या आसपास. दोन्ही सारखेच! फरक इतकाच की ६५० तो टॉर्क साडेसहा हजार आरपीएमला देते आणि सीबीआर सव्वाअकरा हजारला. म्हणजे सिग्नलवरून निघताना, ट्रॅफिकमध्ये, कोपऱ्यावरून वळताना, जिथे आपण दिवसाचे नव्वद टक्के असतो, तिथे साधी ट्विन सिलिंडर ६५० जास्त जोरात वाटते आणि माझी सीबीआर सहा हजारच्या खाली मांजरासारखी. मग आठ हजार ओलांडले की अंगावर काटा, आणि दहाच्या पुढे गेली की ही तीच गाडी का असा प्रश्न पडतो. पण पहिल्या गिअरमध्येच शंभरच्या पुढे जाते, त्यामुळे ती मजा रस्त्यावर फार तर चार सेकंद, मग एक तर गिअर नाही तर दंड.

हे मला टेस्ट राईडला कळलं आणि तिथेच आर सिक्सचं भूत निम्मं उतरलं, कारण आर सिक्स त्याच्याही वर तोंड करून बसलेली, खाली अजून सुस्त. ट्रॅकवर जाणाऱ्याला ती. मी वर्षातून दोनदा जाणार, बाकी दिवस ऑफिस.

गाड्या एकूण पाच बघितल्या. पहिल्या मालकाला मी फोनवर सांगितलं होतं की इंजिन थंड ठेवा, मी येऊन चालू करणार. गेलो, हात लावला इंजिनच्या कव्हरला, चटका. "आत्ताच दुधाला जाऊन आलो" म्हणाला. ६०० सुपरस्पोर्टवर दूध आणायला! थंड इंजिन चालू होताना जो आवाज येतो, इंजिनच्या आतल्या कॅम चेनचा खडखडाट, धूर, उशिरा पकडणं, ते सगळं गरम इंजिन लपवून टाकतं, म्हणून तिथूनच परत फिरलो.

दुसरी दिसायला एक नंबर. नवी फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं आवरण, चकचकीत कलर, बारीक इंडिकेटर, ओरडणारा सायलेन्सर. मी खाली वाकून ऑईल ड्रेनचा बोल्ट बघितला तर त्याच्या डोक्याला आरपार बारीक भोक. ब्रेक कॅलिपरच्या बोल्टला पण भोक. हे भोक तार ओवायला पाडतात, रेसिंगमध्ये बोल्ट सुटून ऑईल ट्रॅकवर सांडू नये म्हणून. म्हणजे गाडी ट्रॅकवर पळून पळून आली आणि वर रस्त्याचे कपडे घालून उभी केली. ट्रॅकवर गेलेली गाडी वाईटच असते असं माझं म्हणणं नाही, कित्येक लोक तिची जास्त निगा राखतात, पण मग तसं सांगा ना. विचारलं तर "असेल कंपनीचंच".

तिसऱ्या गाडीला फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या, दांड्यावर बोट फिरवलं तर बोटाला तेलाचा पातळ थर आणि त्यात धुळीची काळी कड. सील गेलेलं. सील बदलणं एवढी मोठी गोष्ट नाही, तेवढ्यावर भाव पाडून घेता आला असता, पण ते तेल खाली ब्रेक पॅडपर्यंत गेलं होतं आणि मालक अशाच ब्रेकवर रोज गाडी चालवत होता. जो ब्रेकची फिकीर करत नाही त्याने इंजिन ऑईल वेळेवर बदललं असेल? मग स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळूच डावी उजवी फिरवलं, बरोब्बर मध्ये आलं की खट्ट करून अडकल्यासारखं, कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, पण गेलेला. सुपरस्पोर्टमध्ये असा मधला खट्टा म्हणजे पुढचं चाक उचलून आपटायचे उद्योगही असू शकतात. चौथीचा चेसिस नंबर आणि कागद जुळत नव्हते, चहासुद्धा न घेता निघालो.

मग ही. मालक पन्नाशीचा, मोजकं बोलणारा, त्याने गाडीच्या आधी फाईल आणली. पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं, जुन्या चेन स्प्रॉकेटचं बिल, दोन वेळा ब्रेक ऑईल, कुलंट, एक चावी जास्तीची आणि ओरिजिनल टूलकिट, ज्याचा कागदसुद्धा फाटला नव्हता. २१ हजार किलोमीटर रनिंग. इंजिन गार. मी लिव्हरच्या टोकाचे गोळे बघितले, गाडी पडली की पहिलं तेच घासतं, आणि फूटरेस्टची टोकं, हँडलचे बार एंड, आणि खाली स्टिअरिंगचा स्टॉपर, ते छोटं ठोकळ्यासारखं असतं जिथे हँडल पूर्ण वळलं की टेकतं. हा स्टॉपर चेपलेला असेल तर गाडी बहुतेक जोरात आपटलेली आहे, फेअरिंग कितीही नवी घाला. इथे सगळं जागेवर. उजव्या बाजूला एक ओरखडा होता, तो त्याने मी विचारायच्या आधीच दाखवला, गॅरेजमध्ये सायकल पडली होती म्हणे.

मल्टीमीटर घेऊन गेलो होतो, लाजू नका, घेऊन जा. बॅटरीला लावायचा आणि पाच हजारपर्यंत रेस द्यायची, साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक. तेरा पण पार करत नसेल तर रेग्युलेटर किंवा स्टेटर, आणि ते काम भावात धरूनच बोला. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटाने मागे ओढून बघायची, अर्धा दात दिसायला लागला तर चेन संपली. टायर मात्र फसवे निघाले. नक्षी भरपूर होती म्हणून मी खूश, मग बाजूवरचे चार आकडे वाचले, शेवटचे दोन वर्षाचे आणि आधीचे दोन आठवड्याचे असतात, तर टायर आठ वर्षं जुने, नखाने दाबलं तर प्लास्टिकसारखे. मालकाला दाखवलं, त्याने टायरचे पैसे मुकाट कमी केले. घरी आणली आणि पहिलं काम टायर.

चालवायला कशी? पहिला आठवडा मनगटं दुखली, खरं सांगतो. निन्जा ४०० वर हँडल वर असतं, इथे टाकीवर झोपायचं. मग कळलं की वजन हातावर टाकायचंच नाही, गुडघ्यांनी टाकी धरायची आणि पोट आवळायचं, म्हणजे हात मोकळे. मागचं ट्रॅफिक बघायला आरशात थोडा खांदा आत घ्यावा लागतो. सायलेन्सर सीटखालून जातो त्यामुळे उन्हाळ्यात सिग्नलवर खालून शेक बसतो, तो या डिझाईनचा स्वभावच आहे, घेतानाच माहीत असू द्या. पण वळणावर ही गाडी जे करते त्याला तोड नाही. निन्जा हलकी होती पण खड्डा आला की उडायची, ही ठरवलेल्या रेषेवरून हलतच नाही, बघाल तिकडे जाते, मध्येच ब्रेक धरावा लागला तरी बावरत नाही.

एबीएसबद्दल वेगळं लिहितो कारण ६०० मध्ये मी याच्यासाठीच २००९ च्या आधीची गाडी बघितली नाही. होंडाने त्या वर्षी सुपरस्पोर्टला इलेक्ट्रॉनिक कंबाइंड एबीएस दिला, पुढचा दाबला की मागचा पण हिशोबाने लागतो. वजन दहाएक किलोने वाढतं, ट्रॅकवाले नाकं मुरडतात, मुरडू देत. पावसात एकदा समोर गाडी अचानक थांबली, मी घाबरून लिव्हर अख्खा आवळला, लहान गाडीवरची जुनी सवय, आणि या ब्रेकची ताकद निन्जाच्या दुप्पट. चाक लॉक झालं नाही, लिव्हर थरथरलासुद्धा नाही, गाडी सरळ उभी. लहान गाडीवरून मोठीवर येणाऱ्याचा हात पॉवरपेक्षा ब्रेकवर जास्त चुकतो असं मला तेव्हापासून वाटतं.

खर्चाचं: चोवीस-सव्वीस हजारच्या आसपास व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट, तपासायचा येतो, टाकी, एअरबॉक्स सगळं काढावं लागतं, मजुरी दणकून. माझे सोळा व्हॉल्व्हपैकी दोन टाइट निघाले, शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) बदलले. म्हणून २३-२४ हजारावर विकायला काढलेली सीबीआर दिसली की समजून जा मालकाला काय टाळायचंय. इन्शुरन्सचा आकडा मात्र गाडी बघायला जायच्या आधी काढा, मला गाडीपेक्षा त्याचाच धक्का मोठा बसला.

बाकीच्या पर्यायांचं भरभर. सुझुकी जीएसएक्स आर घेत असाल तर पुढच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचा (लिव्हरजवळचा ब्रेक ऑईलचा पंप) रिकॉल, म्हणजे कंपनीने गाडी परत बोलावून करायची दुरुस्ती, झालाय का विचारा, २००४ ते २०१३ च्या गाड्यांना २०१३ मध्ये होता. कावासाकीची २०१३ नंतरची ६३६ थोडे सीसी जास्त म्हणून खालून बरी ओढते आणि मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल पण आहे, त्या वेळी बजेट असतं तर कदाचित तीच घेतली असती. ट्रायम्फ डेटोना ६७५ तीन सिलिंडरची, मधल्या आरपीएमला सीबीआरपेक्षा दमदार, आवाज तर काय विचारता. आणि आर सिक्सच हवी असेल तर एबीएस २०१७ पासून आहे, त्याच्या आधीची घेताना आपला उजवा हात किती शहाणा आहे ते बघून घ्या. रोज तास तास ट्रॅफिकमध्ये असाल तर यातलं काहीच नको, सरळ निन्जा ६५० किंवा यामाहा आर सेव्हन बघा, पॉवरचा आकडा साठ टक्क्यांच्या आसपास असला तरी मित्राच्या आर सेव्हनने मला प्रत्येक सिग्नलला मागे टाकलंय, मी आपला क्लच सांभाळत बसलेलो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मागच्या सीटचा कापला, तो पण मी नाही, बायकोने. एकदाच बसली, वीस मिनिटांत उतरली आणि म्हणाली तुझी तू चालव, मी बसने येते.